कडी न काढणारी बाई

ये, अशी इकडे सरक. जवळ बस. तू समोर नाही हे मले समजतं, पण समोर कोणी बसल्याशिवाय मले लिहिताच येत नाही, म्हणून तुले बसवून घेतलं. आणि बसलीच आहे तर आधी बोलणं खा. पंडरीच्या कापडबाजारात येते तू. अस्तराचे, ब्लाउजपीसचे गठ्ठे बांधून घेते, भिलाईची गाडी धरते आणि चालली जाते. पंडरीपासून आपला बूढ़ापारा काय दुसऱ्या मुलखात आहे का गं? ऑटोवाला वाटेत सवाऱ्या घेत घेत आला तरी अर्ध्या तासाच्या आत तलावापाशी आणून सोडतो. माझ्या सुनेनं तुले पाहिलं. घरी येऊन म्हणे, "आई, आज वो दिखी थी पंडरी में. दोनों हाथ में थैले, और इतनी दुबली हो गई है." मी म्हटलं, घरी चल म्हणाली नाही का तिले? तर म्हणे, "बोला था. हँस के टाल गई."

टाळून गेली. भिंतीपलीकडे तुझी आई बसली आहे आणि तू हसून टाळून जाते.

वाचणाऱ्यांले काही कळायचं नाही म्हणून थोडं मागचं सांगते, तू ऐकून घे. ही माझ्या शेजारणीची मुलगी. हिनं आपल्या पसंतीचा मुलगा पाहिला आणि घरी सांगायले आली, तर हिच्या बाबांनी आतून दार लावलं. पोट्टी बाहेर पायरीवर दार वाजवत राहिली. मी तेव्हा नागपूरले बहिणीकडे लग्नाले गेली होती. परत आली तेव्हा घरात मुलगी नव्हती आणि तिचं नाव काढायची बंदी होती. त्याले बरीच वर्षं झाली. मग ते बाबाही गेले. पोट्टी आली, अंगणात उभी राहिली, पाया पडली आणि घरात पाय न ठेवता परत गेली. मी फोन केला तेव्हा मले म्हणाली, "पापा का मैं समझती हूँ, काकू. वो वैसे ही थे. पर आई? आई तो अंदर ही खड़ी थी ना? काहून काही नाही बोलली?"

मी फोन ठेवून दिला. मग एक पुस्तक आलं, आणि त्या पुस्तकानं आमच्या तिघींची जी दशा केली ती तुले सांगितल्याशिवाय मले चैन नाही.

आमच्याकडे चातुर्मासात दुपारची पोथी असते, तुले आठवत असेल. माझ्याच घरी, पंख्याखाली. वाचते मी, कारण माझा आवाज मोठा. शाळा मी चौथीत सोडली, पुढचं सगळं वाचन किराणा बांधून येणाऱ्या कागदांवर शिकली. त्यामुळं गोष्ट ऐन रंगात येऊन फाटून जाते याची मले लहानपणापासून सवय. तुझी आई ऐकता ऐकता वाती वळते. आणि तिसरी ती कोपऱ्यावरची रेल्वेवाली. नवरा रेल्वेतून रिटायर झाला, पण हिची ऐट अजून नोकरीवर आहे.

त्या वर्षी अधिक श्रावण आला. चातुर्मास लांबला आणि पोथी आधीच संपली. रिकाम्या हातानं उठून जायचं कोणाले जिवावर आलं. मी सुनेले म्हटलं, आपल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातून एखादं चांगलं पुस्तक आण, देवाधर्माचं. तिनं आणलं. वर चित्र काय, तर एक बंद दार आणि दाराच्या फटीतून येणारा उजेड. मी म्हटलं, कोण्या संताचं चरित्र दिसतं. रेल्वेवाली म्हणे, "मोक्षाचं दार आहे वो ते." झालं! पाटावर लाल कापड घातलं, त्यावर पुस्तक ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, जास्वंदीचं फूल वाहिलं. हातात पाणी घेऊन संकल्प सोडला की हे वाचून पूर्ण करू. वाचनालयाचं पुस्तक! ते कुंकू नंतर पुसता पुसेना, त्याचं बोलणं खावं लागलं ते वेगळंच.

पहिलं पान वाचलं, तर देव नाही, संत नाही. एक शहर. पुढं कधीतरी येणाऱ्या काळातलं. तिथं रोज संध्याकाळी भोंगा वाजतो. भोंगा वाजायच्या आत आपापल्या घरात यायचं. जो बाहेर राहिला तो त्या घराचा राहिला नाही. सरकारी माणूस येतो, दारावरच्या पाटीवरून त्याचं नाव खरवडून काढतो. आणि अशा माणसाले कोणी घरात घेतलं तर आख्खं घर उचलून नेतात. कुठं नेतात हे कोणी विचारत नाही.

मी थांबली. चष्मा काढला.

"बंद कर वो हे," रेल्वेवाली म्हणाली. "घरात असलं वाचू नये."

"संकल्प सोडला न पण?"

"अव माय. मग आता?"

तुझी आई वात वळता वळता म्हणाली, "मग आता वाचा. अर्धवट सोडलं तर आपल्यालेच लागायचं."

अशा रीतीनं आम्ही त्या शहरात अडकलो.

त्या पुस्तकात एक घर होतं. त्यात एक बाई, तिचा नवरा, छातीचं दुखणं असलेला लहान मुलगा आणि बटनांच्या कारखान्यात कामाले जाणारी मोठी मुलगी. ही मुलगी चालायची भरभर आणि चालता चालता गुणगुणायची; रस्त्यात गुणगुणायची तिथं मनाई होती, तरी. सुरुवातीले आम्ही नाकं मुरडत वाचलं. मग कधी झालं ते समजलं नाही, पण ती माणसं आमच्या घरात राहायले आली. सुनेच्या कुकरची शिट्टी झाली की भोंगा समजून मी दाराकडे पाहायची. सुनेले ऑफिसातून यायले उशीर झाला की मी ओट्यावर जाऊन उभी. ती स्कूटर लावता लावता म्हणे, "आई, सदर बाज़ार में जाम था. ऐसे क्या देख रही हो?" मी काय सांगू तिले? एक दिवस म्हणाली, "वो किताब वापस कर दूँ क्या? आप लोग खाना भी ठीक से नहीं खा रहे." मी म्हटलं, खबरदार.

रेल्वेवालीनं तर हद्द केली. मुलगी सुखरूप राहू दे म्हणून महामायेले नारळ बोलली. मी म्हटलं, बाई, ती कागदावरची आहे. म्हणे, "देवीले काय अवघड आहे?"

भोंगा वाजवणारा एक म्हातारा होता त्यात. बटन दाबायच्या आधी तो खोकायचा. मुद्दाम, लांबवून लांबवून. तो खोकला की गल्लीतल्या लोकाले समजायचं, आता वाजणार, धावा. मले तो आवडला. रेल्वेवाली म्हणे, "खोकतो त्याचं कौतुक काय करते? शेवटी वाजवतोच न?" मी म्हटलं, "खोकला नसता तर किती लेकरं बाहेर राहिली असती!" यावरून आमची जी जुंपली, की तुझ्या आईनं वातीचा कापूस खाली ठेवला. "दोघी चूप बसा. पुढं वाचा."

तिले त्या घरातल्या बाईची काळजी. रोज पान उघडलं की मले विचारायची, "काल जेवली होती का वो ती?"

"लिहिलं नाही तसं."

"लिहिलं नाही म्हणून काय झालं. सगळ्यांचं वाढून झाल्यावर जेवली असेल."

मले हसू यायचं. पण मग मीही वाचताना पाहू लागली की या बाईच्या ताटाचा कुठं उल्लेख आहे का. नव्हताच कुठं. पुस्तक लिहिणाऱ्यानं सगळ्यांले जेवू घातलं, हिलेच नाही.

आणि मग ती दुपार आली. कारखान्यात काहीतरी मोडतं, मुलीले उशीर होतो. ती पळत सुटते. म्हातारा खोकतो, खोकतो, त्याले ठसका लागेपर्यंत खोकतो. आम्ही तिघी पुढं सरकलो होतो. माझा आवाज चढला होता. भोंगा वाजतो, आणि मुलगी दारात पोचते. अगदी दारात. हात दारावर आहे, पाय पायरीवर. ती दार वाजवते. आत ती बाई उभी. हात कडीवर. मागं नवरा, नवऱ्यामागं ते छातीनं घरघरणारं लेकरू. बाहेर मुलगी म्हणते, आई. आणि बाई कडी काढत नाही. नुसती उभी राहते. मुलगी एकदा आणखी म्हणते, आई. मग बुटांचे आवाज येतात आणि ती पळून जाते.

मी पुस्तक पाटावर आपटलं. रडून राहिली होती मी, पण रडण्यापेक्षा संताप जास्त. "हिच्या हाताले काय लकवा मारला होता? कडी काढायले किती वेळ लागतो?"

रेल्वेवाली म्हणाली, "असल्या बाईले आई म्हणू नये. जनावर तरी बरं. नेलं असतं तर नेलं असतं सगळ्यांले, पोट्टी तर घरात असती."

"आणि उभी कशी राहिली पाहा! ना रडली, ना बोलली. दगड!"

आम्ही दोघी बोलत सुटलो. किती काय काय बोललो, आता लिहावंसं वाटत नाही. तुझी आई वात वळत होती. एकच वात, लांबच लांब, मांडीवरून खाली आलेली. ती तुटली तेव्हा तिनं उरलेला कापूस डब्यात घातला, झाकण लावलं आणि उठली.

"कुठं चालली?"

"वरण चढवायचं आहे," ती म्हणाली.

दुपारची चहाची वेळ होती. तेव्हा कोण वरण चढवतं? रेल्वेवालीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. आणि तेव्हा आमच्या टाळक्यात उजेड पडला की आपण हे कोणासमोर बोललो.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. रेल्वेवाली येऊन दारातूनच विचारायची, "आली?" आणि नाही म्हटलं की जायची. तिच्यावाचून पुढं वाचायची सोय नव्हती. संकल्प तिघींनी सोडला होता. शेवटी मी पुस्तक पदराखाली घेतलं आणि तिच्याकडे गेली.

ती स्वैपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. मी समोर बसली, जुडी ओढून घेतली. काय बोलावं? आम्ही तिले काही म्हटलंच नव्हतं, त्या कागदावरच्या बाईले म्हटलं होतं. असं म्हणावं तरी खोटं, न म्हणावं तरी खोटं. मी नुसती काड्या तोडत राहिली.

तीच बोलली. माझ्याकडे पाहत नव्हती.

"त्या बाईपाशी भोंगा तरी होता. बूटवाले होते. दुखणाईत लेकरू होतं. माह्यापाशी काय होतं?"

मी हात थांबवले.

"ते म्हणाले, दार उघडायचं नाही. रागानं म्हणाले. हात उगारला, मारलं, असं काही नाही, नुसतं म्हणाले. आणि वरण उतू जाऊन राहिलं होतं. मी गॅस बारीक करायले आत गेली. पोट्टी दार वाजवून राहिली न मी गॅस बारीक करून राहिली. झाकण बाजूले केलं. ओटा पुसला. सगळं नीट केलं. बाहेर आली तर आवाज बंद. मले वाटलं, आज राग आहे, उद्या उतरेल, उद्या मी बोलेन. मी उद्यावर टाकलं वो."

पोरी, मी तिच्या शेजारी इतकी वर्षं राहिली. हळदीकुंकवाले बसली, तिच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू वळले, तिच्या नवऱ्याच्या तेराव्याले भांडी मोजून घेतली. पण हे मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही मले सांगून राहिली असं वाटलं नाही. त्या पुस्तकातल्या बाईशी बोलून राहिली असं वाटलं. दोघी जणी समोरासमोर, आणि मी मधे मेथीची काडी धरून.

मग तिनं विचारलं, "पुढं काय झालं त्या पोट्टीचं?"

"मले काय माहीत? तुझ्याशिवाय वाचलं नाही."

"मग वाच."

रेल्वेवालीले हाक मारली. तिथंच, स्वैपाकघरात, राहिलेलं पुस्तक वाचलं. या वेळी आधीसारखं भांडण नाही, मधे बोलणं नाही. मुलगी शहराच्या कडेले भिंतीपाशी कुठं कुठं राहते, भंगार वेचते, एकदा दुरून आपलं घर पाहते, पाटीवर आपलं नाव नाही हे पाहते. बाई इकडे भांडी घासते, लेकराले औषध पाजते, नवऱ्यापुढं ताट ठेवते. कोणी काही बोलत नाही. माझी चिडचिड होत होती. अरे, काहीतरी बोला! पण मी वाचत गेली. शेवटच्या पानावर ती बाई संध्याकाळी कडी काढून बाहेर येते आणि पायरीवर बसते. म्हातारा खोकतो. ती उठत नाही. भोंगा वाजतो. ती बसूनच. संपलं.

"संपलं म्हणजे?" रेल्वेवाली म्हणाली. "पोट्टी भेटली का नाही?"

"लिहिलं नाही."

"मागचं पान पाहा."

"कोरं आहे."

"हे काय लिहिणं झालं? मग मी नारळ फोडू का नको? अर्धा नवस फेडता येते का?"

आम्ही हसलो. तुझी आईही हसली, थोडी. समाप्तीचा शिरा केला, देवापुढं ठेवला. हात जोडले, पण कोणासाठी काय मागावं ते मले सुचेना. त्या मुलीसाठी मागावं तर ती कुठं आहे लिहिलं नाही, आणि बाईसाठी मागावं तर आता भोंगा वाजून गेला. रेल्वेवाली शिरा खाता खाता हळूच म्हणाली, "मी तिले जनावर म्हटलं. म्हणायले नको होतं." कोणाले म्हणाली, पुस्तकातलीले की बाजूले बसलेलीले, मी विचारलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी तुझ्या आईनं माझ्या सुनेले विचारलं, पंडरीत तू कोणत्या दुकानातून माल घेते. सूनबाईनं सांगितलं. आणि तुझी आई, जी सदर बाजारच्या पुढं एकटी कधी गेली नाही, ती पंडरीले जाऊ लागली. एकदा मी सोबत गेली. त्या ठोकवाल्याच्या दुकानात गादीच्या बाजूले प्लास्टिकची खुर्ची. ती पर्स मांडीवर धरून बसते, रस्त्याकडे तोंड करून. दुकानदार भला माणूस, पाणी देतो. म्हणतो, "बैठो अम्मा, पंखे के नीचे बैठो." तिलेच लाज वाटते फुकट बसायची, म्हणून उठताना काहीतरी घेते. घरचं कपाट उघडून दाखवलं मले: अस्तराचे तुकडे, लाल, पोपटी, जांभळे. शिवणाचं मशीन नाही घरात. सुईत दोरा ओवायले मले बोलावते.

तू कोणत्या दिवशी येते ते तिले माहीत नव्हतं. म्हणून ती कोणत्याही दिवशी जायची.

आता ऐक, आणि उठून जाऊ नको. गेल्या महिन्यात मी सुनेसोबत पंडरीले चादरी घ्यायले गेली होती. त्याच दुकानदारानं मले ओळखलं. जवळ येऊन म्हणाला, "अम्मा, उस दिन भिलाईवाली दीदी आई थीं. सामने तक आईं. आपकी साथवाली अम्मा को बैठे देखा, फिर पीछे वाली गली से निकल गईं. माल भी नहीं लिया."

मी चादरी तिथंच टाकल्या. सुनेनं विचारलं काय झालं, मी म्हटलं घरी चल. राग आला होता मले. तुझ्यावरचा राग, दुकानदारावरचा, त्या कोऱ्या पानावरचा. पुस्तकातल्या मुलीनं आपली आई पायरीवर बसलेली पाहिली की नाही, ते मले कधीच समजणार नाही. तू पाहिलं, हे मात्र मले माहीत आहे. आणि मी ते तुझ्या आईले सांगितलं नाही. कसं सांगू?

पण या आठवड्यात ती गेली नाही. मी विचारलं, पंडरी नाही का आज? पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "नाही जात आता. मी तिथं बसली असली तर तिले दुकानात यायले जड जात असेल. माह्यापायी पोट्टीचा धंदा काहून अडकावा?" आणि पोळी तव्यावर टाकली. तिलेही दिसलं होतं का गं तुझं मागच्या गल्लीनं जाणं? मले विचारायची हिंमत झाली नाही.

तिले माफ कर, असं मी म्हणत नाही. मी कोण म्हणणारी? त्या पायरीवर तू उभी होती, मी नव्हती. तुझ्या मनात राग असेल तर तो घेऊनच ये. जे मले फोनवर विचारलं ते तिले तोंडावर विचार, आवाज चढवून विचार, शेजाऱ्यांनी ऐकलं तरी ऐकू दे. शेजारी म्हणजे मीच. आधी ती बोलू शकत नव्हती. आता तिले बोलता येतं, मी ऐकलं आहे. पण मी सांगितलं ते उष्टं, मेथी निवडता निवडता ऐकलेलं. ते तिच्या तोंडून ऐकायचं तू.

दुकानात आता खुर्ची रिकामी आहे. बिनधास्त जा, तुझा माल घे, गठ्ठे बांधून दुकानदारापाशीच ठेव, तो सांभाळेल. मग ऑटोत बस. तिच्याकडे एकदम जायचं जड वाटत असेल तर माझ्याकडे ये. मी चहा ठेवते, सुनेनं केलेला चिवडा आहे, थोडी बस, पाय मोकळे कर. भिंतीपलीकडे जायचं की नाही ते चहा पिऊन ठरव, मी ओढून नेणार नाही. पण ये, बाई. उद्यावर टाकू नको, लवकर ये.